आजीची पोत: गाठवायची की मोडायची?

कापसाचे पैसे हाती आले की आमच्या वऱ्हाडात पेटीतली जुनी पोत, म्हणजे काळ्या अन् सोन्याच्या मण्यांची गळ्यातली माळ, बाहेर निघते. दोरा कुजलेला, मणी रुमालाच्या गाठीत. मग घरात दोन पक्ष पडतात: मणी नव्या दोऱ्यात गाठवायचे, की सोनं मोडून नवा दागिना करायचा.

माझं मत गाठवण्याकडे. बाजाराच्या दिवशी पटवेकरी पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसतो, पीळ देतो, काळे मणी नि सोन्याचे मणी ओवत जातो, शेवटी रेशमी गोंडा. खर्च मजुरीचा अन् काळ्या मण्यांचा, बस. फक्त समोरून हलू नका, अन् मणी मोजून द्या. माय दोनदा मोजते. तारेत गाठवलेली पोत दिसते छान, पण वाकून वाकून तुटते. निंदणाला जाणाऱ्या बाईला दोराच बरा.

मोडायचं तर हिशेब वेगळा. जुने मणी बरेचदा पोकळ, आत लाखेचा भराव. तापवलं की लाख जळते, डाकाची, म्हणजे सांधा जोडायच्या धातूची, घट निघते. आजीचा तोळा 11.66 ग्रॅमचा, दुकानातला आता 10 ग्रॅमचा. बोलणं ग्रॅममध्येच करा. नव्या दागिन्यावर घडणावळ, वर 3 टक्के जीएसटी. फायदा एवढाच की सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, मिळतो, गहाण ठेवताना शुद्धतेवरून वाद नाही.

मणी चेपलेले, भोकं झिजून फाटलेली असली तर मात्र मोडाच. आमचे तीन तसे निघाले. ते वगळून बाकीचे गाठवले. पोत दोन बोटं आखूड झाली, गळ्याशी बसते म्हणून मायला तीच आवडली.