ट्रान्समिट केलं की लॅपटॉप गोठतो: आधी अर्थिंग की आधी चोक?

हॅम रेडिओसाठी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून एन्ड-फेड वायर (एका टोकाला जोडलेली तारेची ॲन्टेना) टांगली आणि 40 मीटर बँडवर एफटी8 (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल संदेशांचा प्रकार) लावलं. 50 वॉटला ट्रान्समिट होताच माऊसचा बाण जागीच थिजला, यूएसबी तुटली आणि रिग (रेडिओ संच) ट्रान्समिटमध्येच अडकली. शेवटी तिची पॉवरच काढावी लागली. माइकवर बोललो तर समोरचा म्हणे, ‘ऑडिओ फाटतोय.’ रोग तोच.

पैसे खर्च करण्याआधी डमी लोड (ॲन्टेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावून बघा. तेवढ्याच पॉवरवर सगळं सुरळीत चाललं, तर आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) ॲन्टेनाकडून परत घरात शिरतंय. तिथेही गडबड झाली, तर आधी रिग, पॉवर सप्लाय आणि जोडण्या तपासा. आणखी एक खूण: कमी पॉवरवर कोॲक्स (रिगपासून ॲन्टेनापर्यंतची जाळीवाली केबल) मुठीत धरल्यावर एसडब्ल्यूआर (ॲन्टेना किती जुळलीय ते सांगणारा आकडा) हलला, तर केबलच्या जाळीच्या बाहेरून करंट वाहतोय.

पहिला सल्ला हमखास अर्थिंगचा मिळतो. मीही खाली सळई ठोकून वर तार आणली. भरली दहा मीटर. 7.1 मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी साडेदहा मीटर! म्हणजे तार जमिनीत पक्की असली तरी रिगच्या टोकाला आरएफच्या दृष्टीने जवळजवळ तुटलेलीच. तळमजल्यावर, हातभर तारेत भागत असेल तर गोष्ट वेगळी. शॉक आणि विजेसाठी अर्थिंग हवंच, पण या दुखण्यावर ते औषध नव्हे.

मग उरतो चोक, म्हणजे जाळीच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा अडसर. कोॲक्सचीच गुंडाळी करून तो बांधणं फुकटात होतं, पण ती गुंडाळी ठरावीक बँडभोवतीच चालते. बँड बदलला की भरवसा नाही.

माझा कौल फेराइट चोकला. मिक्स 31 या फेराइट प्रकाराची 2.4 इंची रिंग (एफटी240-31) घेऊन आरजी-58 या बारीक कोॲक्सचे बारा वेढे घातले, की 7 मेगाहर्ट्झवर काही हजार ओहमचा अडथळा मिळतो. कोॲक्सवर नुसता अडकवलेला क्लिप-ऑन फेराइट तिथे फार तर शंभरेक ओहम देतो. खरी करामत वेढ्यांची, अडथळा साधारण त्यांच्या वर्गाने वाढतो. डायपोल (मधोमध जोडलेली दोन हातांची ॲन्टेना) असेल तर चोक थेट फीड पॉइंटला, म्हणजे केबल ॲन्टेनाला जुळते तिथे लावा. एन्ड-फेडला मात्र कोॲक्सचा सुरुवातीचा तुकडाच काउंटरपॉइजचं (ॲन्टेनाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं) काम करतो, म्हणून 40 मीटर बँडसाठी ॲन्टेनाच्या टोकाच्या ट्रान्सफॉर्मरपासून साधारण दोन मीटर सोडून.

मी दुसरी रिंग खिडकीपाशी लावली आणि यूएसबी केबलचे क्लिप-ऑनमधून तीन वेढे घेतले. लॅपटॉप आता 50 वॉटला टिकतो. 15 मीटर बँडवर कॉम्प्युटरचे स्पीकर अजून गुरगुरतात, ते तेवढ्यापुरते बंद ठेवतो.