डोळे मिटून घेतलेलं ऊन: तापीकाठच्या सूर्यध्यान वर्गाचा माझा अनुभव

मी भुसावळला मालगाडीवर लोको पायलट आहे, सतरा वर्षं झाली. आमच्या झोपेचे काय हाल असतात ते रनिंगवाल्यांनाच माहीत, आज रात्री दोनचा ड्युटीचा कॉल, उद्या दुपारचा, परवा खंडव्याच्या रनिंग रूमला, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीत, दिवसा पडायचं आणि डोळा लागत नाही. बायको दिवाळीपासून मागे लागली होती की अहो, तापीकाठी सकाळचा सूर्यध्यानाचा वर्ग सुरू झालाय, आयुर्वेदाप्रमाणे शिकवतात, सुट्टीच्या दिवशी तरी जा. शेवटी जानेवारीत गेलो. २१ दिवसांचा वर्ग, फी ६०० रुपये. माझ्या ड्युटीमुळे १३ दिवसच जमले, उरलेले ८ दिवस पुढच्या बॅचमध्ये करू दिले आणि त्याचे एक रुपयाही जास्त घेतले नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

सकाळी साडेसहाला अंधारातच पोचायचं. घरूनच तळपायाला, कानाला आणि डोक्याला थोडं तिळाचं तेल लावून यायचं, अभ्यंग अंगभर जमलं नाही तरी या तीन जागा सोडायच्या नाहीत असं वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिनचर्येच्या अध्यायातच आहे असं वर्ग घेणाऱ्या वैद्यबाई म्हणाल्या. मग पूर्वेकडे तोंड करून सतरंजीवर बसायचं, श्वास मोजायचा. सातच्या सुमारास दीपनगरच्या वीजकेंद्राच्या धुरांड्यांच्या बाजूनं सूर्य वर येतो, नदीवर धुकं असतं, थंडीनं हात गारठलेले असतात आणि मिटलेल्या पापण्यांवर आधी तांबूस आणि मग केशरी उजेड यायला लागतो. त्या केशरी रंगावर लक्ष ठेवायचं, बास. मित्राय नमः पासून भास्कराय नमः पर्यंत बारा नावं, प्रत्येक नाव एका श्वासाला, अशी सावकाश तीन आवर्तनं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सहाव्या-सातव्या नावाला माझ्या खांद्यातला ताण सुटला, तो इतक्या वर्षांत कधी सुटला नव्हता, केबिनमध्ये तासन्‌तास ताठ बसून तो खांद्यातच मुरलेला असतो.

शेवटी तळवे घासून डोळ्यांवर ठेवायचे आणि मग उन्हाकडे पाठ करून काठाकाठानं दहा मिनिटं चालायचं. पाठच का, तर ऊन पाठीवर घ्यावं आणि शेकोटी पुढून घ्यावी असं जुनं सुभाषित आहे. या चालण्याला मी सगळ्यात जास्त मार्क देईन, कारण डोळे उघडे ठेवून सकाळच्या उजेडात राहिलं की डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी मेंदूतल्या घड्याळाला दिवस उगवल्याचं कळवतात, आणि मग रात्री मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं द्रव्य, वेळेवर तयार होतं. शरीरातलं हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालंय. मला फरक जाणवला तो सुट्टीच्या दिवशी, आधी रात्री एक-दीड वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचो, आता अकराला झोप येते.

वैद्यबाईंनी एक गोष्ट फार नीट सांगितली. नाइट करून आलात तर वर्गाला येऊच नका. रात्री जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपायचं, हाही वाग्भटाचाच नियम. मी आता ड्युटीवरून परत येताना गॉगल लावतो, घरी खिडकीला जाड चादर टाकतो आणि सरळ झोपतो. शिफ्टवाल्या माणसाचा असा विचार करणारं मला आजवर कोणी भेटलं नव्हतं.

आता तक्रार. नवव्या दिवशी वैद्यबाई बाहेरगावी होत्या आणि त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी सांगितलं की आज डोळे उघडून थेट सूर्याकडे बघा, पाणी येईपर्यंत, हे त्राटक आहे. मी तिथेच उठून नाही म्हणालो. त्राटक ही एका जागी टक लावून बघायची हठयोगातली क्रिया आहे आणि ती दिव्याच्या ज्योतीवरही करता येते, त्यासाठी सूर्याकडे एकटक बघायची काही गरज नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे तो भाजला तरी त्या वेळी समजत नाही, नंतर बरोबर मधोमध डाग दिसायला लागतो. माझी माय पारोळ्याकडची, लहानपणी ग्रहणाच्या दिवशी ती ओरडायची, भाऊ, तिकडे नको देखू, डोया जातीन! आमचं पोट डोळ्यांवर चालतं, पीएमईत, म्हणजे रेल्वेच्या ठरावीक मुदतीच्या वैद्यकीय तपासणीत, नजर कमी भरली की गाडीवरून खाली. सिग्नल लांबून ओळखून असिस्टंटला मोठ्यानं सांगायचा असतो. माझ्या शेजारी सत्तरीचे दोन काका होते, ते बिचारे ऐकून बघायला लागले होते, त्यांनाही मी थांबवलं. दुसऱ्या दिवशी वैद्यबाईंना सांगितलं तर त्यांनी सगळ्यांसमोर ते बंद असल्याचं जाहीर केलं, म्हणून मी वर्ग सोडला नाही.

दुसरं, पत्रकावर व्हिटॅमिन डी मिळेल असं छापलंय, ते काढून टाका. सूर्योदयाच्या कोवळ्या उन्हात त्यासाठी लागणारे किरण जवळजवळ नसतातच, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा ते चांगले मिळतात. माझं डी कमी निघालं होतं, त्यावर डॉक्टरांनी दिलेलं औषध चालूच आहे.

आवडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे रथसप्तमीनंतर थोड्याच दिवसांत वर्ग बंद करतात. हेमंतात ऊन घ्या आणि ग्रीष्मात व्यायाम आणि ऊन दोन्ही टाळा, हे आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत, म्हणजे ऋतूप्रमाणे वागायच्या नियमांत, स्पष्ट आहे, आणि चरकानं तर आतप म्हणजे ऊन हे लंघनाच्या, म्हणजे शरीर हलकं करणाऱ्या उपायांच्या, दहा प्रकारांत धरलंय, म्हणजे ऊन शरीर हलकं करतं, सुकवतं. पंचेचाळीस डिग्रीच्या आपल्या मे महिन्यात आणखी काय सुकवायचं? फी मिळते म्हणून बाराही महिने चालवला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

जाणार असाल तर कानटोपी आणि जाड सतरंजी न्या, खालची जमीन दवानं ओली असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी आणि उन्हाने त्रास होईल अशी औषधं चालू असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि पहिल्याच दिवशी वैद्यबाई स्वतः आहेत ना, तेवढं बघून घ्या.