परवाना असलेला कारखाना की नवा परवाना?

पांढरे किंवा तेलविहिरींचे सिमेंट भारतात आणायचे, तर 2003 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशामुळे आयएसआय चिन्ह हवेच. ते चिन्ह लावायचा भारतीय मानक ब्युरोचा परवाना मिळतो तो परदेशी उत्पादकाला, आयातदाराला नव्हे.

आधीच परवाना असलेल्या कारखान्याकडून घेतले, तर माल लवकर हलतो. भाव मात्र तो सांगेल तो. परवाना त्याच पत्त्याचा आणि त्याच मानकाचा आहे ना, हे बघा: पांढऱ्यासाठी आयएस 8042, तेलविहिरींसाठी आयएस 8229. त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्याचा माल चालत नाही.

आपल्या पुरवठादाराला नवा परवाना घ्यायला लावायचा, तर भारतीय प्रतिनिधी, कारखान्याची तपासणी, बँक हमी. त्यात पांढऱ्या सिमेंटची 28 दिवसांची ताकद मोजायची, तिथे घाई चालत नाही. एखाद-दुसऱ्या कंटेनरसाठी हा खटाटोप कशाला? वर्षानुवर्षे माल लागणार असेल तरच.