ग्वाटेमालात स्वयंसेवा संपल्यावर: आतित्लान सरोवर की तिकाल?

शेला (म्हणजे केत्साल्तेनांगो) किंवा अँटिग्वा या शहरांमधलं शाळेतलं नाहीतर दवाखान्यातलं काम संपलं, परतीच्या विमानाला आठ-दहा दिवस आहेत आणि देश अजून नीट पाहिलेलाच नाही. अशा वेळी बहुतेकांसमोर दोन वाटा असतात: पश्चिमेच्या डोंगरातलं आतित्लान सरोवर, नाहीतर सेमुक चाम्पे करत उत्तरेला पेतेनच्या जंगलातलं माया लोकांचं प्राचीन शहर तिकाल. दोन्ही धावतपळत उरकू नका. एकच निवडा आणि तिथे राहा.

माझं मत आतित्लानला, आणि त्याचं कारण तुमची स्पॅनिश. मुलांशी, पेशंटशी बोलून बोलून जी मोडकीतोडकी भाषा जिभेवर बसली आहे, ती इथे कामी येते. सरोवराकाठच्या सान हुआन ला लागुना गावात त्सुतुहिल या माया समाजातल्या बायकांच्या विणकर सहकारी संस्था आहेत. मागाचं एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं पट्ट्याने कमरेला. बाई गुडघ्यांवर बसून मागे रेलली की ताणा घट्ट होतो, पुढे झुकली की सैल पडतो. सूत रंगतं ते निळीने, कोचिनील किड्याने, झाडांच्या साली-पानांनी. पर्यटकांच्या गटाला हे सगळं झटपट दाखवून होतं. पण हा ताणा लावायला किती दिवस लागले, एवढं तुम्ही विचारलंत की गप्पा घर, मुलं, शाळा इथपर्यंत जातात. म्हाताऱ्या बायकांना स्पॅनिश बेताचीच येते. तिथे मुली-नाती दुभाषी होतात.

सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटर उंचीवर, एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीच्या खचलेल्या तोंडात आहे. दक्षिणेकडे सान पेद्रो, तोलिमान आणि आतित्लान हे तीन ज्वालामुखी. गावोगावी लांचा म्हणजे मोटरबोटी जातात. दुपारी शोकोमिल वारा सुटला की लाटा बोटीवर आपटतात, म्हणून बोटीचा प्रवास सकाळीच उरकावा. शेलाहून येताना कॅमिओनेता, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या स्कूलबस रंगवून केलेल्या गाड्या, लोस एनकुएंत्रोसला बदलायची; तिथून सोलोलामार्गे सरोवराकाठचं पानाहाचेल. स्वस्त, गर्दीची आणि काही तासांत पोचवणारी वाट. गुरुवार किंवा रविवार हाताशी असेल तर चिचिकास्तेनांगोचा बाजार जोडता येतो.

उत्तरेची वाट लांबची. राजधानीहून तिकालजवळच्या फ्लोरेसला रात्रभराची बस, नाहीतर तासाभराचं विमान. सेमुक चाम्पेला काहाबोन नदी सुमारे ३०० मीटर लांबीच्या चुनखडीच्या नैसर्गिक पुलाखालून वाहते आणि पुलावर हिरव्या-निळ्या पाण्याची कुंडं साचतात. तिकडे जाताना लागतो तो कोबानचा प्रदेश वेलदोड्याचा. हे पीक मूळचं आपल्या पश्चिम घाटाचं, आज ग्वाटेमाला त्याच्या सर्वांत मोठ्या निर्यातदारांपैकी आहे. मात्र मे ते ऑक्टोबरच्या पावसात सेमुक चाम्पेजवळच्या लान्किन गावाकडचे रस्ते चिखलाचे होतात आणि कुंडांचं पाणी गढूळ.

तिकाल भव्य आहे, यात वादच नाही. १९७९ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. चौथं मंदिर ६० मीटरहून उंच. पहाटे तिथे उभं राहिलं की खाली धुकं, त्यातून वर आलेले इतर मंदिरांचे माथे आणि हाउलर माकडांची डरकाळी. पण हे सगळं कालच विमानातून उतरलेल्या माणसालाही असंच मिळतं. काम करताना कमावलेली भाषा आणि ओळखी तिथे विशेष उपयोगी पडत नाहीत.

तरी दोन प्रकारच्या लोकांनी उत्तरेलाच जावं. ज्यांचं काम सरोवराकाठीच होतं त्यांनी, आणि रोज माणसांचं दुःख ऐकून जे मनाने थकले आहेत त्यांनी. त्यांना जंगलातली शांतता खरोखर हवी असते, आणि ती घेताना अपराधी वाटून घेऊ नये.

खाण्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. हातावर थापलेली मक्याची तोर्तिया भाकरीसारखी पोटाला आधार देते, काळा घेवडा आणि अंडी सगळीकडे मिळतात. शुद्ध शाकाहारी असाल तर घेवड्यात डुकराची चरबी घातली आहे का, ते विचारून घ्या.

निर्णयाआधी पासपोर्टवरची मुदत तपासा. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या चार देशांत पर्यटकाचा मुक्काम एकत्रच मोजला जातो, साधारण ९० दिवस. लांबलेल्या स्वयंसेवेत ते बहुधा संपत आलेले असतात, आणि होंडुरासला जाऊन आलं तरी मोजणी नव्याने सुरू होत नाही. फ्लोरेसहून बेलीझची हद्द जवळ आहे, बेलीझ या चार देशांत मोडत नाही. मात्र तिकडच्या व्हिसाची चौकशी शेलातून निघण्याआधीच करून ठेवा.