एअर अलर्ट ॲप रिव्ह्यू (परत येणाऱ्या ज्युनियर्ससाठी)

युक्रेनमध्ये ल्विवला परत येऊ का म्हणून मेडिकलच्या ज्युनियर्सचे रोज मेसेज येतात, रूम कुठे बघू, जॅकेट किती जाड घेऊ. अरे बाबांनो, सिम घेतलं की पहिलं हे हवाई हल्ल्याचा इशारा देणारं ॲप टाका, युक्रेनियनमध्ये नाव 'पोवित्र्याना त्रिवोहा', जॅकेटचं नंतर बघू.

मी २०२२ ला युद्ध सुरू झाल्यावर भारत सरकारच्या ऑपरेशन गंगात घरी सोलापूरला गेलो आणि नंतर परत आलो, कारण ऑनलाइन शिकून डॉक्टर होता येत नाही. विमानं बंदच आहेत, पोलंडहून बसने किंवा ट्रेनने यावं लागतं.

तर ॲप. हल्ल्याचा इशारा आला की फोन सायलेंटवर असला तरी बोंबलतो. रस्त्यावरचा भोंगा खिडक्या बंद केल्या की नीट ऐकूच येत नाही, म्हणून तर हे बनवलं. आणि बनवलं कोणी, तर कीवच्या अजॅक्सने, जे घरफोडीचे नि आगीचे अलार्म विकतात! सोबत एस्टीफाल्कन ही सॉफ्टवेअर कंपनी आणि सरकारचं डिजिटल मंत्रालय. युद्ध सुरू झालं २४ फेब्रुवारीला, ॲप मार्चच्या सुरुवातीलाच फोनवर. अलार्म पोचवायची सिस्टीम त्यांच्याकडे होतीच ना, चोराच्या जागी मिसाईल आलं एवढंच. प्रत्येक ओब्लास्टचा म्हणजे प्रांताचा ऑपरेटर बटण दाबतो की तिथले सगळे फोन वाजतात. युद्धातल्या स्टार्टअप म्हटलं की सगळे ड्रोन ड्रोन करतात, आणि ते खरंही आहे, सरकारने २०२३ ला ब्रेव्ह वन हा संरक्षण-तंत्रज्ञानाचा प्लॅटफॉर्म काढून त्यांना ग्रँट दिल्यात, पण मला विचाराल तर जे हातात होतं तेच फिरवून वापरलं ही जास्त भारी गोष्ट आहे.

इंग्रजी केलं तर मार्क हॅमिलचा आवाज येतो, हो, ल्यूक स्कायवॉकरवालाच. पहिल्या रात्री मजा वाटते. दहाव्या रात्री नाही वाटत.

रशियाचं मिग-३१के हे लढाऊ विमान उडालं की पूर्ण देशाचा नकाशा लाल होतो, कारण त्यावरचं किंझाल मिसाईल कुठे पडेल सांगता येत नाही, त्यामुळे लेक्चर मधेच सोडून तळघरात. काही लोक आता उठतही नाहीत, टेलिग्रामवर नेमकं काय उडतंय बघतात आणि कूस बदलतात. तुम्ही असलं करू नका.

रजिस्ट्रेशन नाही, नंबर मागत नाही, फक्त ओब्लास्ट निवडायचा, त्यामुळे आमच्या आईनेपण तिकडे सोलापूरला स्वतःच्या फोनवर टाकलंय. हिवाळ्यात इथे रात्री तीनला वाजलं की तिकडे साडेसहा, ती नळाचं पाणी भरता भरता फोन करते, "उठलास का, खाली जा आधी." खरं सांगू, कधीकधी ॲपने नाही, तिच्या फोनने जाग येते.

आणि फोन सोबत न्या. मी एकदा वर चार्जिंगला लावून खाली गेलो, अलार्म संपल्याचं कळलंच नाही, तिथेच बाकावर झोपलो, सकाळी बघतो तर सगळे कधीच वर गेलेले आणि फोनवर आईचे अकरा मिस्ड कॉल.