टायटेनियमवर स्ट्रेन गेज: कोटेशनमध्ये चिकटवलेले, भागावर वेल्ड केलेले

विमानाच्या टायटेनियम ब्रॅकेटांवर स्ट्रेन गेज (भार पडल्यावर भाग किती ताणला ते विजेच्या रोधातून मोजणारी पातळ चकती) बसवून घेत असाल, तर सिलिकॉनच्या लेपाखाली काय आहे ते बघितल्याशिवाय बिल पास करू नका. आमची फसवणूक त्या लेपाखालीच झाली.

ठरलं होतं ते असं: ३५० ओहमचे फॉइल गेज, इपॉक्सी-फिनॉलिक या गोंदाने चिकटवून ओव्हनमध्ये पक्के केलेले. भाग आले तेव्हा लेप सुबक होता, सोबत सही-शिक्क्याचा रिपोर्टही. एका कोपऱ्यातला लेप लाकडी काडीने सोलला, तर खाली स्टीलची पातळ पट्टी आणि तिच्या कडेने ओळीत बारीक ठिपके, मिलिमीटरला साधारण एक. सरळ स्पॉट वेल्ड! ओव्हनचे तास त्यांनी वाचवले, पैसे पूर्ण घेतले.

टायटेनियमवर हे भयंकर आहे. स्टीलमधलं लोखंड त्यात वितळून ठिसूळ संयुग होतं, तापलेला धातू हवेतला ऑक्सिजन ओढून कडक होतो, शॉट पीनिंगने (बारीक गोळ्यांच्या माऱ्याने) पृष्ठभागाला दिलेला दाब तेवढ्या जागेत निघून जातो. फटीगचा (पुन्हापुन्हा भार पडून येणारा) तडा सुरू व्हायला असा एक ठिपका पुरतो. पट्टी उपटल्याने भाग सुधारत नाही, उलट ओरखडे वाढतात. तो पुन्हा विमानावर चढवू नका.

दोन जागी गेज खरोखर चिकटवलेले होते, पण १३ कोडचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमसाठीचे (गेज कोणत्या धातूच्या उष्णतेतल्या प्रसरणाशी जुळवला आहे ते हा कोड सांगतो). टायटेनियमला ०५ लागतो. तापमान ३० अंशांनी वाढलं की असा गेज काही भार नसताना ४००हून जास्त मायक्रोस्ट्रेन (लांबीतला दशलक्षांश बदल) दाखवतो. टायटेनियममधल्या स्ट्रेसमध्ये (प्रति क्षेत्र बलात) मोजलं तर सुमारे ४८ मेगापास्कल, सगळे खोटे.

रिपोर्टमधलं शंट कॅलिब्रेशन (गेजला समांतर रोध जोडून केलेली तपासणी) मात्र अचूक होतं. त्याला भुलू नका. गेज फॅक्टर (स्ट्रेनच्या किती पट रोध बदलतो तो आकडा) २ असेल, तर ३५० ओहमच्या गेजला १,७४,६५० ओहम समांतर जोडल्यावर १००० मायक्रोस्ट्रेनच येणार, गेज कशालाही चिकटवलेला असो. त्यातून सर्किट तपासलं जातं, चिकटवण नाही. चिकटवण बघायची तर लेपाआधी गेजवर मऊ खोडरबर दाबा. सोडल्यावर आकडा शून्यावर परतला नाही, तर खाली पोकळी आहे.

करारात लिहून घ्या: ग्रिट ब्लास्टिंग नाही, आखणीला स्क्रायबर नाही, क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट किंवा मिथेनॉल नाही, पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. शिवाय त्याच पाकिटातला एक गेज त्याच मिश्रधातूच्या सुट्या पट्टीवर चिकटवून मागा. ती पट्टी ३० अंशांनी तापवली की कोडची लबाडी लगेच उघडी पडते.