एअर पिस्तुलाचं तयार टूल किट: जरूर घ्या, पण तेलाची बाटली काढून ठेवा

कोल्हापुरात मी मुला-मुलींना १० मीटर एअर पिस्तूल शिकवतो. बालेवाडीला स्पर्धेला जायचं म्हटलं की मुलांपेक्षा मला त्यांच्या पिस्तुलांची जास्त काळजी. म्हणून शूटिंगचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून हे किट मागवलं. झिपचं काळं पाऊच, आत एलन की (स्क्रू फिरवायच्या षटकोनी चाव्या), रिअर साइटचा (नेम धरायच्या मागच्या खाचेचा) बारीक स्क्रू ड्रायव्हर, ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या), ग्रिपचे जादा स्क्रू, नळी साफ करायच्या फेल्टच्या क्लीनिंग पेलेट आणि तेलाची बाटली.

एलन की फार चांगल्या आहेत. कडा अगदी नेमक्या, स्क्रूत घट्ट बसतात. मऊ लोखंडाच्या कीने ग्रिपच्या स्क्रूचा खाचा एकदा गोल झाला की ऐन स्पर्धेच्या सकाळी तो स्क्रू हलत नाही.

ओ-रिंगचं मात्र नीट बघून घ्या. दाबाच्या हवेचा सिलिंडर पिस्तुलाला जोडतो तिथली रिंग चिरली की २०० बार दाब दाखवणारा काटा बघता बघता खाली येतो. "सर, हवा जातेय!" अशी हाक आली की मी जोडाला कान लावतो, बारीक फिस्स ऐकू येतं. पिस्तुलात पेलेट (छर्रा) नाही ना हे बघायचं, सिलिंडर काढायचा, जुनी रिंग दात कोरायच्या लाकडी काडीने उचलायची. सुई अजिबात नको, खाचेला ओरखडा पडला तर नवी रिंगही गळते. किटमधल्या रिंगा आमच्या स्टायर कंपनीच्या पिस्तुलाला बसल्या, मोरिनी कंपनीच्या नाही. आपल्या मॉडेलच्या रिंगा कंपनीच्याच मागवून पाऊचमध्ये टाका.

माझी खरी तक्रार तेलाची. बाटलीवर कसलं तेल ते लिहिलेलंच नाही. दाबाच्या हवेच्या जोडाला साधं खनिज तेल लावणं धोक्याचं आहे. त्यानं रबर फुगू शकतं, आणि दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं. तिथे सिलिकॉन ग्रीसच हवं, तेही बोटाला जेमतेम लागेल इतकंच.

ट्रिगर तपासायचं ५०० ग्रॅमचं वजनही यात नाही. प्रवासात स्क्रू हलला आणि ट्रिगर त्याहून हलका झाला, तर इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेतल्या सामानाच्या तपासणीला) पिस्तूल अडतं. ते वेगळं घ्या.

पाचपैकी चार तारे. दुकानाने बाटलीऐवजी ग्रीसची ट्यूब दिली तर पाचवाही देईन.